नऊ नंबरची पिवळी रेघ

पहिल्या हंगामात आमच्या महाराष्ट्र पूल लीगला सरासरी दोनशे अकरा प्रेक्षक होते. त्यांतले नऊ माझ्या सासरवाडीचे. मी मायक्रोफोनसमोर घसा फोडत असायचो आणि एक डोळा स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर ठेवायचो. दोनशे अकरा. मग दोनशे दहा. म्हणजे मेव्हणा जेवायला उठला.

मी अभिनंदन चौगुले, मुक्काम इचलकरंजी. पूलच्या आधी पंधरा वर्षं मी कबड्डी आणि कुस्तीचं निवेदन केलं. जत्रेच्या मैदानात नुसत्या आवाजावर पाच-पाच हजार माणूस मी जागेवरून उठवलेलं आहे. बोलणाऱ्याचे हुलगेही खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, असं आई म्हणायची. पण २०३६ साली पूलच्या बाजारात माझे हुलगे काही केल्या खपेनात.

पूल म्हणजे बिलियर्ड्सचा धाकटा भाऊ, खेळ तसा सोपा आहे. टेबलाला सहा पॉकेट. एक पांढरा बॉल, आणि एक ते नऊ नंबरचे नऊ रंगीत. क्यूनं, म्हणजे काठीनं, पांढऱ्याला मारायचं, आणि पांढऱ्यानं टेबलावरच्या सगळ्यांत लहान नंबराला आधी शिवायचं. बॉल गेला की पुढचा फटकाही त्याचाच, चुकला की पाळी समोरच्याची. नऊ नंबर ज्यानं पॉकेटमध्ये घातला, डाव त्याचा. आता खेळणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळी लढाई पेटलेली असते. हा बॉल घालू का अडवून ठेवू, घातला तर पांढरा कुठं थांबेल, थांबला तर पुढचा कसा मिळेल. पण बघणाऱ्याला काय दिसतं? माणूस वाकला, बॉल गेला, माणूस उभा राहिला. कबड्डीत दम सुटताना दिसतो, कुस्तीत मान दबताना दिसते. इथं सगळी झटापट कवटीच्या आत, आणि कवटी बंद.

या भानगडीत मला ओढलं ते विजयमाला बुगड यांनी. सगळं गाव त्यांना मालाताई म्हणतं. इचलकरंजीत त्यांचा हॉल आहे. खाली चोवीस यंत्रमाग, वर पत्र्याखाली तीन टेबलं. माग सुरू झाले की टेबलावरचा बॉल जागच्या जागी थरथरतो. नवीन पोरं म्हणायची, "ताई, माग बंद झाल्यावर खेळतो की." ताई म्हणायच्या, "माग बंद झालं तर गाव उपाशी मरंल. तू आपला हात शांत कर." अशा टेबलावर शिकलेल्या माणसाला राज्यातलं कुठलंही टेबल आपल्या घरच्या ओट्यासारखं वाटायचं. मालाताई स्वतः राज्यस्तरावर पाच वेळा दुसऱ्या आल्या होत्या. पहिला नंबर एकदाही नाही. आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी मनगटात संधिवात शिरला होता. डॉक्टरनं सांगून टाकलं होतं, अजून एक हंगाम, फार तर.

---

डॉ. केतकी दामले पुण्याहून आल्या त्या हातात एक करडी बाही घेऊन. सदऱ्याच्या आत घालायची, कोपरापासून मनगटापर्यंत. आधी त्या कृत्रिम हात बनवायच्या, हात गमावलेल्या कामगारांसाठी.

"तुमचा खेळ वाईट नाहीये," त्या मला म्हणाल्या. "तो दिसत नाहीये, एवढंच. मी तो दाखवू शकते."

मला वाटलं, आली अजून एक. पण मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि मी चहा विसरलो.

हात हलायच्या आधी मेंदूत त्या हालचालीची तालीम होते. तिचे बारीक विद्युतसंदेश मज्जातंतूंतून हाताच्या स्नायूंपर्यंत पोचतात. हात तुटलेल्या माणसाच्या उरलेल्या दंडातसुद्धा ते संदेश येतात, आणि ते वाचूनच कृत्रिम हाताची बोटं मिटतात. पूलचा खेळाडू तर मारायच्या आधी क्यू चार-पाच वेळा मागंपुढं करून अंदाज घेतो. तेवढ्या वेळात त्याच्या हाताचे स्नायू सगळा बेत उघड बोलत असतात. बाही ते बोलणं ऐकते. छतावरचे कॅमेरे त्याची नजर आणि बॉलच्या जागा टिपतात. संगणकाकडं त्याच खेळाडूचे आधीचे दहा हजार फटके साठवलेले असतात, त्यामुळं या हाताचं असं बोलणं म्हणजे असा फटका, हे त्याला पाठ असतं. मग उरतं ते साधं गणित. क्यू मागंपुढं होऊ लागला की स्क्रीनवर पिवळी रेघ उमटते. मनातला फटका तंतोतंत जमला तर पांढरा कुठून जाईल, आणि तो ज्याला मारेल तो बॉल कुठं जाईल, ते ती दाखवते. प्रत्यक्षात बॉल जिथून गेले, ती रेघ पांढरी.

"म्हणजे पिवळी रेघ मनाची," मी म्हणालो, "आणि पांढरी हाताची."

"मनाची नाही हं. मनात कोणती भाजी आहे ते मला कळत नाही. हाताला दिलेला हुकूम तेवढा कळतो. पण तो खोटा देता येत नाही. एकाची तालीम करून दुसरंच मारायला गेलात, तर शेवटच्या क्षणी रेघ सरकते आणि सगळ्यांना दिसते."

मालाताई इतका वेळ क्यूच्या टोकाला खडू घासत उभ्या होत्या. त्या पुढं आल्या.

"डॉक्टर, मी एक विचारतो." आमच्याकडं बायका विचारतो-सांगतो असंच बोलतात, केतकीबाईंना पहिले दोन दिवस ते कानाला खटकलं. "समोरच्यानं मुद्दाम चुकवलं, तर ह्यात दिसंल?"

"लगेच दिसेल. पिवळी रेघच पॉकेटच्या बाहेर जाईल."

"आणि खरंच चुकला तर?"

"मग पिवळी आत, पांढरी बाहेर."

मालाताईंनी बाही उचलली आणि तिथंच हातात चढवली. महाराष्ट्रात ती घालणारा पहिला खेळाडू म्हणजे ही बाई. का, ते मला ठाऊक होतं. १९९८ साली सांगलीच्या स्पर्धेत एकोणीस वर्षांच्या मालानं तिथल्या क्लबच्या नामांकित खेळाडूला पाच-दोननं धूळ चारली. बक्षीस देताना अध्यक्ष माइकवर म्हणाले, "पोरीचं मन मोडू नये म्हणून आमच्या पठ्ठ्यानं आज सोडून दिलं." मंडप हसला. हरलेला पठ्ठ्याही हसला, नाही म्हणाला नाही. तेव्हापासून ताईंनी कुठंही जिंकलं की कोपऱ्यात कुणीतरी तेच म्हणायचं. आधी पोरगी म्हणून सोडलं, मग बाईमाणूस म्हणून सोडलं, आता वयाचा मान म्हणून सोडलं. चाळीस वर्षं हा काटा त्यांच्या टाचेत होता. त्यांना एक विजय हवा होता, ज्याला कुणी सोडलेला म्हणू शकणार नाही. चषक नसता दिला तरी चाललं असतं.

---

दुसरा हंगाम सुरू झाला. पहिल्या दिवशी चारशे प्रेक्षक. तिसऱ्या दिवशी अकरा हजार.

झालं काय, की नाशिकचा एक बँकवाला खेळाडू सात नंबरवर वाकला होता. पिवळी रेघ आधी सांभाळून खेळायच्या बाजूला गेली. मग थरथरली. मग अवघड पॉकेटकडं वळली, परत आली, पुन्हा वळली. शेवटच्या पाव सेकंदात ती ताडकन अवघड पॉकेटमध्ये घुसली आणि पठ्ठ्यानं मारला, गेला! मी ओरडलो, "घाबरला होता रे, घाबरला होता, आणि तरी मारला!" तो वीस सेकंदांचा तुकडा आठवड्याभरात प्रत्येक मोबाइलवर पोचला. माणसाचं धाडस जन्माला येताना लोकांनी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं होतं.

मग काय विचारता! एक लाख, सहा लाख, वीस लाख. गडहिंग्लजच्या एका गिरणीवाल्या काकूंचा मला निरोप आला, "ती पिवळी रेघ हलायला लागली की माझ्या पोटात गोळा येतोय बघा, पीठ जाडं निघतंय." कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या खोळंबून राहिल्या, कारण काटेवाला शेवटचा डाव बघत होता. लहान पोरं जमिनीवर खडूनं आधी पिवळी रेघ मारून मग गोट्या खेळायला लागली. मी रस्त्यानं चाललो की लोक हाक मारायचे, "चौगुले, रेघ कुठं?" माझ्या अंगावर तर मूठभर मांस चढलं. सासरवाडीचे ते नऊ जण आता सगळ्यांना सांगत फिरत होते की आम्ही पहिल्या दिवसापासूनचे.

सुखाला डाग लागायचा तो लागलाच. सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून दोघा खेळाडूंनी साखळीत मुद्दाम सामने घालवले. पूर्वी हे पचून गेलं असतं. आता लाखो लोकांनी रेघच बाहेर जाताना पाहिली. लीगनं नियम केला: हरण्यासाठी मारलेला फटका रेघेत दिसला, तर तो खेळाडू बाद आणि सामना समोरच्याचा. लोकांना नियम आवडला. मलाही आवडला. तो कुणाच्या मुळावर येणार आहे, हे तेव्हा कुणाला माहीत?

अंतिम सामन्यात आले मालाताई आणि त्यांचाच शिष्य, तन्वीर नदाफ. बावीस वर्षांचा. त्याचे वडील ताईंच्या हॉलखालच्या मागांवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. तन्वीर नऊ वर्षांचा असताना वडिलांचा डबा घेऊन आला आणि जिना चढून वर गेला, तो वरच राहिला. ताईंनी त्याला क्यू धरायला शिकवलं, दहावीला गणित शिकवलं, टायफॉइड झाला तेव्हा पेज भरवली. त्या हंगामात तो सगळ्यांत भारी खेळत होता, ताईंपेक्षाही. हे ताईच सगळ्यांना सांगायच्या.

सामन्याच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडं आला.

"अभिदादा, ताईंचा हा शेवटचा हंगाम हाय न्हवं?"

"हो."

"पाच वेळा दुसऱ्या आल्या."

"तुला काय म्हणायचंय?"

"काय न्हाई. असंच." तो उठून गेला. सांगलीची गोष्ट मी त्याला तेव्हाच सांगायला हवी होती. मला वाटलं, इतकी वर्षं जवळ आहे, माहीत असेल. ताईंनी ती आपल्या कुठल्याच शिष्याला कधी सांगितलेली नव्हती, हे मला पुढं कळलं.

---

पुण्यातला बंदिस्त हॉल, रविवार, दुपारचे चार. आत तीन हजार माणसं. बाहेर स्क्रीनवर एक कोटी वीस लाख. पुन्हा लिहितो, मलाच खरं वाटत नाही म्हणून: एक कोटी वीस लाख!

टेबलाच्या वर भलामोठा पडदा. वाकलेल्या खेळाडूला तो दिसत नाही, पण खुर्चीवर बसलेल्या समोरच्याला दिसतो. मी आणि केतकीबाई काचेच्या खोलीत. नऊ डाव आधी जिंकेल तो विजेता. ताई पुढं, तन्वीर बरोबरीत, तन्वीर पुढं, ताई बरोबरीत. दोघांच्या पिवळ्या आणि पांढऱ्या रेघा इतक्या जवळून जात होत्या की मधून सुई जाणार नाही. ताईंचं मनगट दुखत होतं, प्रत्येक फटक्यानंतर त्या ते दुसऱ्या हातानं दाबत होत्या. तरी आठ-आठ!

शेवटचा डाव. तन्वीरनं एकामागून एक बॉल घातले. सहा, सात, आठ. टेबलावर फक्त नऊ नंबर उरला, टेबलाच्या मधोमध, आणि पांढरा वरच्या टोकाला. समोर खालचं डावं पॉकेट. लांबचा पण सरळ फटका, तन्वीर दहातले नऊ वेळा घालतो असा. मी आवाज खाली आणला. "मंडळी, हा गेला की महाराष्ट्राला नवा विजेता."

तन्वीर वाकला. क्यू मागंपुढं झाला. एक, दोन, तीन.

पिवळी रेघ उमटली. नऊ नंबरची रेघ पॉकेटच्या दोन बोटं बाहेर जाऊन कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी काठाला, टेकली होती.

मला वाटलं सरकेल. सरकली नाही. जराही थरथरली नाही. तन्वीरनं मारला, आणि पांढरी रेघ पिवळीवर अशी चपखल बसली की पिवळी दिसेनाशी झाली. नऊ नंबर कुशनला लागून पॉकेटपासून वीतभर अंतरावर थांबला. पांढरा त्याच्या मागं दीड हातावर. शेंबडं पोरही घालेल असा बॉल त्यानं ताईंसमोर मांडून ठेवला होता.

हॉलमध्ये "अर्रर्र" झालं आणि मधेच तुटलं. लोक पडद्याकडं बघायला लागले.

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. हात थरथरला पोराचा, दडपण, दडपण! पंधरा वर्षांची सवय आहे, जीभ वेळ भरून काढते. असं म्हटलं असतं तर निम्म्या लोकांनी मानलंही असतं. पोरगं बाद होण्यापासून कदाचित वाचलं असतं, ताईंना विजय मिळाला असता, सगळं गोड. केतकीबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली ताईंकडं पाहिलं. त्या पडद्याकडं बघत खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा एकोणीस वर्षांच्या पोरीचा झाला होता, सांगलीच्या मंडपातला. तो चेहरा बघून मला खोटं बोलवेना.

"रेघच बाहेर गेली, मंडळी," मी म्हणालो. "तन्वीरनं सोडला."

हॉलमध्ये गलका उसळला. पण तन्वीरचा चेहरा बघा तर कसा, देवाला नारळ वाढवून आल्यासारखा. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताईंच्या हॉलमध्ये एक रिवाज आहे. गुरुपौर्णिमेला प्रत्येक शिष्य ताईंबरोबर एक डाव खेळतो आणि शेवटी नऊ नंबर हलकेच बाजूला मारून त्यांच्यासाठी ठेवतो. ताई तो घालतात, हसतात, पेढा देतात. फुलं नाहीत, पाकीट नाही, हीच गुरुदक्षिणा. वर्षातून एक दिवस सोडलेला बॉल मी घेतो, बाकीचे दिवस सोडलात तर क्यूनं मारीन, असं त्या म्हणायच्या. तन्वीरनं तेरा वर्षं तो बॉल ठेवला होता. आज त्यानं कोटभर लोकांसमोर ठेवला. करायला गेला गणपती, झाला मारुती.

पंच लोबो नियमांचं पुस्तक घेऊन उठले. नियम स्पष्ट होता, तन्वीर बाद, विजेत्या विजयमाला बुगड. सोडलेला विजय, तोही शिक्क्यानिशी.

ताई ताडकन उभ्या राहिल्या. टेबलाजवळच्या माइकमधून त्यांचा आवाज सगळीकडं गेला.

"तन्वीर, आज गुरुपौर्णिमा हाय काय रं?"

तन्वीरचं हसू मावळलं. "ताई, तुमच्यासाठी..."

"माझ्यासाठी? मला आयुष्यभर सगळ्यांनी सोडलंच की! तू तरी धरायचं हुतंस मला!"

आणि त्या धावल्या. गुडघे दुखणारी बाई अक्षरशः टेबलाकडं धावली. पूलमध्ये जुना कायदा आहे. समोरच्यानं पुढचा फटका मारला की मागच्या फटक्याबद्दल कुणाला, पंचांनासुद्धा, काही बोलता येत नाही. लोबो "मॅडम, थांबा" म्हणेपर्यंत ताई वाकल्या होत्या.

"घालतायत," केतकीबाई कुजबुजल्या.

पिवळी रेघ उमटली, आणि पॉकेटकडं गेलीच नाही. पांढरा नऊ नंबरला बारीक कडेनं शिवत होता. नऊची रेघ एका कुशनला लागून, दुसऱ्याला लागून, टेबलाच्या मधोमध येऊन थांबत होती. पांढऱ्याची रेघ तीन कुशन फिरून वरच्या टोकाला जात होती.

"काय करतायत त्या? इतका सोपा आहे," केतकीबाई म्हणाल्या.

मला कळलं. मी खुर्चीवर उभा राहिलो, माइकची वायर ताणली गेली. "मंडळी! परत मांडतायत! तन्वीरनं चुकवला तो फटका बाई जसाच्या तसा परत मांडतायत!"

ताईंनी मारला. नऊ नंबर दोन कुशन खाऊन रमतगमत आला आणि मधोमध थांबला. पांढरा वरच्या टोकाला. अगदी त्याच जागी नाही, चार बोटांचा फरक असेल. पॉकेटात घालण्यापेक्षा हे दहापट अवघड. तीन हजार माणसं पायांवर उभी राहिली. लोबोंनी पुस्तकाची पानं उलटली, पालटली, आणि मिटून टाकलं. बॉल न घालता समोरच्याला लांबचा ठेवणं हे सांभाळून खेळणं धरतात, कायद्यानं फटका चोख होता.

ताई खुर्चीवर जाऊन बसल्या. मनगट दाबत म्हणाल्या, "हां. आता खेळ. मी रेघ बघतोय."

"ताई, मला म्हाईत न्हवतं..."

"बोलू नगंस. वाक."

तन्वीरनं बाहीला डोळे पुसले. "सेन्सर भिजवतोय हा," असं केतकीबाई पुटपुटल्या आणि स्वतःचेही डोळे पुसले. तो वाकला. एक, दोन. पिवळी रेघ उमटली, वेड्यासारखी हलत होती. तन्वीर उठला, श्वास घेतला, पुन्हा वाकला. हा बॉल घातला तर तो विजेता, गुरूला हरवून. एक, दोन, तीन, चार. रेघ हळूहळू स्थिरावली आणि पॉकेटच्या बरोबर मध्ये शिरली. आता तिथं दया नव्हती, दक्षिणा नव्हती. पोरगं जिंकायला निघालं होतं.

मारला. नऊ नंबर सुसाट खाली गेला, पॉकेटच्या एका जबड्याला लागला, दुसऱ्याला लागला, खडखडला, आणि बाहेर आला! कुशनच्या कडेनं घरंगळत वरच्या बाजूला जाऊन चिकटून बसला.

चुकला. सरळ, साधा, प्रामाणिकपणे चुकला. पिवळी पॉकेटात, पांढरी ज्वारीच्या दाण्याएवढी बाहेर.

सगळ्यांची नजर बॉलवर होती. ताईंनी बॉलकडं पाहिलंच नाही, त्या पडद्याकडं बघत होत्या. मग टाळी वाजवून ओरडल्या, "चुकलास की रं! खरंच चुकलास!" असा आनंद मी कुठल्या आईच्याही तोंडावर पाहिला नाही.

पण काम संपलं नव्हतं. नऊ आता कुशनला चिकटलेला. सरळ पॉकेट नाही. समोरच्या कुशनवर आपटून, आख्खं टेबल ओलांडून परत आणायचा, असा एकच मार्ग. शंभरात पंधरा वेळा जमणारा. ताई वाकल्या. पिवळी रेघ संधिवातानं थरथरत होती. मी, अभिनंदन चौगुले, आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर गप्प बसलो.

त्यांनी मारला. नऊ नंबर पलीकडं गेला, कुशनला धडकला, वळला, लांबच्या लांब टेबल कापत आला आणि कोपऱ्यातल्या पॉकेटात टपकन पडला.

नंतरचं मला नीट आठवत नाही. मी काय ओरडलो ते मीही नंतर ध्वनिमुद्रणातच ऐकलं, आणि त्यात शब्द एकही नाही. तन्वीर धावत जाऊन ताईंच्या पाया पडला, ताईंनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि पाठीत एक धपाटा घातला. चषक द्यायला पाहुणे उभे होते. वर पडद्यावर ताईंचा जिंकणारा फटका फिरून फिरून दाखवत होते. लोक नाचत होते.

ताईंनी माझ्या काचेच्या खोलीकडं बघून हात हलवला. माइक ओढून घेतला.

"अभ्या, ते माझं बंद कर. डॉक्टरला सांग, तन्वीरचा दुसरा लावा म्हणावं."

केतकीबाईंनी लावला. तन्वीर वाकलेला. एक, दोन, तीन, चार. पिवळी रेघ पॉकेटच्या मधोमध. नऊ नंबर गेला, खडखडला, बाहेर आला.

तन्वीर लाजून हसत होता. "ताई, सगळ्या दुनियेला माझी चूक दाखवायलाय व्हय?"

ताई मान वर करून पडद्याकडं बघत होत्या. चाळीस वर्षांचा काटा निघताना दुखतही असणार, कारण त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. पाहुणे हातात चषक घेऊन ताटकळले होते.

"पुन्हा एकदा लाव," ताई म्हणाल्या.